सुजलेल्या गालाची हजेरी

नाही, पण मला एक सांगा, माणसाचा गाल सुजतो तो काय त्याला विचारून सुजतो? आणि सुजला तर सुजला, चार दिवसांत उतरतो, लोक विसरतात, बायकोसुद्धा विसरते... पण हे मशीन विसरत नाही हो. तुम्हाला सांगतो, माझी अक्कलदाढ ठणकायला लागली आणि नेमक्या त्याच दिवशी आमच्या लाँड्रीत चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन बसलं. आता याला काय म्हणायचं?

लाँड्री म्हणजे हॉस्पिटलची, तळघरातली. चादरी, अभ्रे, पेशंटचे सदरे, सगळं त्या मोठ्या गरम रोलरमधून जातं, फक्त डॉक्टरांचे पांढरे कोट तेवढे माझ्याकडे येतात, हाताने इस्त्रीला, कारण रोलरमध्ये कोट घातला की बटणांचा भुगा होतो. म्हणून मी कोटवाला. तर पूर्वी हजेरी कशी असायची, तर मुकादम दारात उभा, चष्म्याच्या वरून बघायचा, "आलास?" "आलो." झाली हजेरी. माझे डोळे आलेले असोत, दाढी वाढलेली असो, घरून भांडून आल्यामुळे तोंड एवढंसं झालेलं असो, तो कधी म्हणाला नाही की बाबा, तू तो नव्हेस, बाहेर जाऊन पुन्हा ये.

पण मुकादम गेला, नवा रोलर आला. हा रोलर चादर इस्त्री करतो आणि घडीपण स्वतःच घालतो, त्यामुळे घडी घालणाऱ्या निम्म्या बायका घरी बसल्या, आणि उरलेल्यांच्या पाळ्या कोण लावणार, तर कॉम्प्युटर. जो हजर त्याची पाळी लागते, जो सारखा गैरहजर त्याचं नाव गळतं. गळतं म्हणजे कुणी काढत नाही बरं का, आपोआप गळतं. भांडायचं म्हटलं तरी कुणाशी भांडणार?

तर ते मशीन बसवायला एक इंजिनिअर आला होता, गळ्यात पट्टा, हातात टॅब. "काका, सरळ बघा, हसू नका." अरे बाबा, म्हटलं, हसायची सोय तरी आहे का, डावा गाल बघ माझा, आत बटाटा ठेवल्यासारखा झालाय, फोटो उद्या काढ. तर म्हणतो, "उद्या मी दुसऱ्या हॉस्पिटलात, काका. टेन्शन घेऊ नका, मशीन हुशार आहे, ते शिकतं." शिकलं ना. काय शिकलं, तर सुजलेला तोच खरा मी.

मग मी दाढ काढली, गाल उतरला, छान आंघोळ-बिंघोळ करून मशीनसमोर उभा राहिलो. आत एक बाई बोलते हो, इतकी गोड, इतकी गोड की रागावतासुद्धा येत नाही. "चेहरा जुळला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." केला. "चेहरा जुळला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." आता चेहऱ्याचा पुन्हा प्रयत्न म्हणजे काय करतात? मी टोपी काढली, भुवया वर केल्या, मान वाकडी केली, मागे रांग लागली, रांगेतले सल्ले द्यायला लागले, एक म्हणतो श्वास रोखा, एक म्हणतो नमस्कार करा... नमस्कारपण केला. "चेहरा जुळला नाही."

आणि दिवसभर त्या वाफेत उभं राहून ढीगभर कोट इस्त्री केले, संध्याकाळी बघतो तर पडद्यावर माझ्या नावापुढे गैरहजर. वाईट वाटलं हो. अंगावरचा सदरा पिळला तर बादली भरेल अशी अवस्था, आणि म्हणे तुम्ही आलाच नव्हता. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणते, "अक्कलदाढ काढलीत ना, तेव्हाच मला वाटलं, आता काहीतरी होणार."

मग गेलो ऑफिसात, हजेरीच्या मॅडमकडे. म्हटलं, मॅडम, एवढा फोटो बदला. मॅडम म्हणतात, "फोटो बदलायचा तर आधी मशीनने तुम्हाला ओळखायला हवं, काका. नाहीतर उद्या कुणीही येईल आणि म्हणेल की मीच तो." म्हटलं, ओळखत नाही म्हणून तर आलोय. "हो, पण ओळखल्याशिवाय बदलता येत नाही." आणि हे सगळं इतक्या शांतपणे बोलतात हो, की मला क्षणभर पटलंच.

असेच दिवस गेले, नाव गळायच्या बेताला आलं. एके दिवशी सकाळी उशीर झाला, शेवटचा घास डाव्या गालात कोंबून पळत आलो, मशीनसमोर उभा राहिलो, आणि ती बाई म्हणते, "स्वागत आहे." मागे घडीवाल्या मावशी होत्या, त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, घास गिळू नका. कळलं मला. रोज गाल फुगवून या."

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, रोज सकाळी मी गाल फुगवतो. साधं काम वाटतं, पण करून बघा. दोन्ही फुगले की ती म्हणते, "चेहरा जुळला नाही." कमी फुगला तरी "जुळला नाही." हसू आलं की हवा निसटते, आणि मागे मावशी उभ्या असल्या की हसू येतंच. मी घरी आरशासमोर सराव केलाय, या वयात. मॅडमकडे परत गेलो तर म्हणतात, "गाल फुगवल्यावर ओळखतं ना? मग तक्रार काय आहे तुमची?"

चाललंच असतं तसं. पण आमचा बॉयलरवाला, त्याला कायम खोकला, कायम गालात खोकल्याची गोळी, आणि त्या दिवशी ती नेमकी डाव्या गालात. तो मशीनसमोर गेला आणि बाईने त्याला माझं नाव घेऊन "स्वागत आहे" म्हटलं. मागून मी आलो, मलापण "स्वागत आहे." म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी मी दोनदा हजर आणि बॉयलर बिनमाणसाचा. वर ऑफिसात धावपळ, मॅडम स्वतः जिना उतरून खाली, "काका, तुम्ही एकाच सकाळी दोनदा हजर कसे?" म्हटलं, मॅडम, आधी इतके दिवस मी एकदाही हजर नव्हतो, तेव्हा कुणी खाली आलं नाही.

पण तेवढ्यावरून चक्रं हलली. इंजिनिअर परत आला, "काका, सरळ बघा," आणि या वेळी मी सपाट गालाने, दाढी करून, ऐटीत बघितलं. दुसऱ्या दिवशी मशीनसमोर माझा मी उभा राहिलो, काहीही न फुगवता, आणि ती म्हणाली, "स्वागत आहे." डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. मुकादमाचं "आलास?" ऐकल्यासारखं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, संपलं, सुटलात. पण त्याच आठवड्यात सगळ्यांना नवी ओळखपत्रं मिळाली, आणि फोटो कुठून घेतले, तर मशीनमधून, जुने. फाटकावर वॉचमनपण नवा. तो कार्ड बघतो, मला बघतो, कार्ड बघतो. "हे कुणाचं कार्ड उचलून आणलंत?" गेलो मॅडमकडे. "कार्डं आता एकदम पुढच्या वर्षी छापणार, काका."

तर आता असं आहे की फाटकावर गाल फुगवायचा, वॉचमनने मान हलवली की जिना उतरता उतरता हवा सोडायची, आणि खाली मशीनसमोर सपाट गालाने उभं राहायचं. संध्याकाळी सुटताना कार्ड पुन्हा बघतात, म्हणजे फाटकावर पुन्हा फुगवायचा. आणि दमलेल्या माणसाला नाही फुगवता आला, तर? तर आतच राहायचं. त्याचा ओव्हरटाइम मात्र मिळत नाही, मी विचारून ठेवलंय.