चंद्रीला पान्हा फुटेना

आमची आई संध्याकाळी सहाला फोनवर कोणाला रागावते, असं तुम्ही विचारलं होतं ना? ती आमची म्हैस आहे, चंद्री.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिला खाली बसणं जमेना, म्हणून आम्ही चंद्रीला कन्हानच्या देवरावभाऊंकडे दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "काकू, चंद्री पान्हाच नाही सोडून राहिली. सरकीची ढेपही खात नाही. दूध काढताना तुमी तिले काय म्हनत होत्या?"

आई लाजली. "काही नाही गा. रागवत होती फक्त."

"मंग आताही रागवा. बायको दूध काढाले बसली आहे, मी फोन म्हशीच्या कानाशी धरतो."

आईनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि सुरू झाली. "काहून वं चंद्रे, लय शहानी झाली का? लोकायच्या घरी जाऊन नखरे करून राहिली? खाय मुकाट्यानं! दूध दे त्यायले!" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात पलीकडून बादलीत धारा पडल्याचा आवाज आला.

पंधरा दिवस रोज असंच चाललं. मग एकदा देवरावभाऊ खुशीत म्हणाले, "काकू, रुळली आता चंद्री. फोन नसला तरी दूध देते."

 आई हळूच म्हणाली, "तरी लावत जा गा भाऊ. मले करमत नाही."