ठिपक्यातलं काळं

रुद्रम्मा : यव्वा, रडायला काय झालं? तुझी स्टीलची पट्टी काळी ठिक्कर पडली होती. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, घासून लख्ख केली.

शिवरंजनी : आज्जी, ते काळं म्हणजेच माझं काम होतं! आठ महिन्यांचं!

रुद्रम्मा : काळं करायला आठ महिने? चुलीवर ठिवायची. सांजपातूर झाली असती.

चन्नबसप्पा : नातीनं पुण्यात राहून काळं केलं, आजीनं मोरीत बसून गोरं केलं. आता मोठी शास्त्रज्ञ कोण म्हणायची?

शिवरंजनी : आज्जा, थट्टा नको. सोमवारी तिघं परीक्षक या पट्टीवर पाणी टाकून बघणार. थेंब घरंगळला तर माझं काम पुढं चालू, न्हाय तर बंद.

चन्नबसप्पा : मग हितं गावाकडं, लोहाऱ्याला कशाला आणली?

शिवरंजनी : तुम्हीच म्हणाला होता ना, गावातल्या निम्म्या भांड्यांवर माझ्या हातची नावं हायत, नातीनं काय कोरलं ते मला बघू दे?

चन्नबसप्पा : म्हणालो खरं. पण कोरलेलं कायबी दिसलं न्हाय. नुसती काजळी.

शिवरंजनी : दिसणारच नाही. केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या रेघा. उजेड त्यांच्यात अडकतो, म्हणून काळं दिसतं. आणि पाण्याला बूड टेकायला जागा मिळत नाही. अळवाच्या पानावरून पळावा तसा थेंब पळतो.

चन्नबसप्पा : छिन्नी कंची?

शिवरंजनी : उजेडाची. लेसर. सेकंदाचे हजार अब्ज तुकडे केले, तर त्यातल्या एकाहूनही कमी वेळाचा ठोका. बाजूचं स्टील तापायच्या आत संपतो.

चन्नबसप्पा : माझाबी ठोका तसाच. गिऱ्हाईक तंबाखू मळूस्तवर नाव तयार.

रुद्रम्मा : व्हय तर! हिच्या बापाच्या लग्नातली घागर बघा. शिवराजचं 'शिवरज' करून ठिवलंय. तीस वर्षं झाली, काना अजून यायचाय.

चन्नबसप्पा : तवा मला अक्षरं कुठं येत होती? चिठ्ठीवर दिसंल तसं चित्र काढायचो. चिठ्ठीवाल्यानंच काना खाल्ला, म्या काय करू?

शिवरंजनी : तुमचं चालू द्या. मी दुपारच्या एसटीनं जाते.

चन्नबसप्पा : थांब. दुसरी पट्टी व्हायला किती दिवस?

शिवरंजनी : उद्या लेसरवर माझी पाळी आहे. जमवायला आठ महिने गेले, आता दोन तासांत होईल. कोरी पट्टी आहे पिशवीत.

रुद्रम्मा : मग रडती कशाला?

शिवरंजनी : मागच्या खेपेला परीक्षकांनी विचारलं होतं, घासल्यावर टिकतं का? मी म्हटलं, बघते. मनात ठाऊक होतं टिकणार नाही. म्हणून आठ महिने घासूनच बघितलं नाही.

रुद्रम्मा : आन् ही पट्टी लागायची कशाला?

शिवरंजनी : दवाखान्यातल्या हत्यारांना. त्यांना रक्त चिकटू नये म्हणून.

रुद्रम्मा : मग ती हत्यारं घासत न्हाईत व्हय?

शिवरंजनी : घासतात, आज्जी. घासतात.

चन्नबसप्पा : माझं भिंग दे बरं. ह्या कोपऱ्यात काय घातलंय? सात?

शिवरंजनी : पट्टीचा नंबर. लेसरखाली ठेवायच्या आधी टोचून ठेवते. तुमच्यासारखा, ठिपक्याठिपक्यांनी. तुमचीच जुनी छिन्नी नेलीय.

चन्नबसप्पा : तरीच! दोन वर्षं म्या तुझ्या आज्जीवर आळ घेतोय.

रुद्रम्मा : ऐकलंस? आन् मी सारं घर उलथंपालथं केलं.

चन्नबसप्पा : ऱ्हाऊ दे आता. पोरी, डोळा लाव हितं. ठिपक्यात बघ.

शिवरंजनी : काळं... आज्जा, काळं आहे! एकेका ठिपक्याच्या तळाशी!

(चन्नबसप्पा तांब्यातलं पाणी बोटानं पट्टीवर सोडतात. घासलेल्या भागावर ते पसरतं. सातावर मात्र गोल मणी होऊन उभं राहतं.)

चन्नबसप्पा : शेंडी वरवर फिरती. खड्ड्यात पोचत न्हाय. म्हणून तर भांड्यावरचं नाव ठिपक्यानं घालत्यात. पन्नास वर्षं काय उगंच ठोकत बसलो का?

शिवरंजनी : म्हणजे आधी खड्डे, मग त्यांच्या पोटात रेघा. पट्टीभर. आज्जा, कोऱ्या पट्टीवर ठिपके घालून द्याल? आत्ता?

चन्नबसप्पा : हात थरथरतो गं आता.

रुद्रम्मा : पट्टी मी धरते. तुमी मारा.

चन्नबसप्पा : पण नुसते ठिपके म्या घालत न्हाय. नाव सांगितल्याबगर छिन्नी उचलायची न्हाय, असा उस्तादाचा शब्द हाय. बोल, कुणाचं घालू? तुझं?

शिवरंजनी : या घरात आज्जीचं नाव कुठल्या भांड्यावर आहे?

चन्नबसप्पा : तांब्यावर माझं हाय. परातीवर माझ्या बापाचं. घागरीवर शिवराजचं...

रुद्रम्मा : शिवरजचं.

शिवरंजनी : मग पट्टीवर तिचं घाला. ओळीखाली ओळ, पट्टी भरेपर्यंत.

चन्नबसप्पा : काय गं, घालू का?

रुद्रम्मा : घाला की. काना तेवढा इसरू नका.

चन्नबसप्पा : आनखी काय हुकूम?

रुद्रम्मा : खोल घाला. घासायची मलाच हाय.