मधल्या सीटचा मान

—न्हाय न्हाय, सपाट हाय म्हणून कौतुक सांगू नको मला, अंकिता. अंकिताच ना गं? छातीवर लावलंय ते वाचते बाई. मगाची निळी गाडी पण तू अशीच दाखवलीस — मागं बघा काकू, पायाखाली कसं एकसारखं, तिघं ऐसपैस बसतील. ऐसपैस बसवायचंय कुणाला? मला मागं, मधल्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागी उंचवटा पाहिजे. उंचवटा गं — मधनं वर आलेला, ज्याच्यावर पाय ठेवले की गुडघं हनुवटीला लागतात. हसू नको. पुढं कसं, पुढं मला सगळं आरामाचं पाहिजे. सीट उंच, कमरेला टेकू, चढता-उतरता गुडघ्याला त्रास नको, साठी उलटून गेली माझी. पण मागं मधी अडचणच पाहिजे. अशी हाय एखादी? हाय? मग आधी का बोलली न्हाईस? चल.

ही व्हय? बरी दिसतीय की. थांब, मागचं दार मीच उघडते — हां! हा बघ उंचवटा. लई छान. जुन्या गाडीएवढा न्हाय, पण काम होईल. आता पुढं बसून बघते. अय्य, काय सीट हाय गं! पाठीला कुणी हात लावल्यागत वाटतंय. तू बस की हिकडं डावीकडं, उभी कशाला ऱ्हातीस? आमचे हे? ते बसू देत तितं एसीत, चहा पीत. महादेवप्पा. नाव घेतलं म्हणून बघतीस काय? जन्मभर घेतलं न्हाय, आता घेते. त्यांचं म्हणणं काय सांगू? म्हणे, या वयात गाडी कशाला. जुळे सोलापुरात दारात रिक्षा मिळती, पोरगा पुण्यासनं आला की त्याची गाडी असती. खरं कारण वेगळंच हाय. डोळ्याला काचबिंदू झाला, डॉक्टरनं स्टेअरिंग बंद केलं, तवापासनं ह्यांच्या लेखी जगातल्या सगळ्याच गाड्या बंद. मी क्लास लावला, लायसन काढलं — तर म्हणाले, तू चालवणार असशील तर मी रिक्षानं मागनं येतो. म्हणले, या की! गाडी घेणार मी. माझ्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी पुण्या-मुंबईला जातीय, कुणापुढं हात पसरायचा न्हाय मला.

उंचवटा कशाला? आता विचारलंसच तर ऐक. आमची पहिली गाडी पांढरी होती. जुनीच घेतलेली, पण गल्लीत पहिली. त्या गाडीत बसायची रीत ठरलेली होती, बघ — चालवणार हे. पुढं डावीकडं वन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, कारण त्यांना गाडी लागती. मागं एका खिडकीला सासूबाई, कारण त्यांचं गुडघं. दुसऱ्या खिडकीला दीर, कारण ते पुरुषमाणूस. आणि मधी कोण? सून! मांडीवर भाकरीचा डबा, डब्यावर पोरगं, पाय त्या उंचवट्यावर. तुळजापूरला मधी, गाणगापूरला मधी, वन्संच्या पोरासाठी पोरगी बघायला पंढरपूरच्या पाव्हण्यांकडं गेलो तवा पण मधीच. उतरले की पाय माझे न्हायत असं वाटायचं. एकदा म्हणले, मला जरा खिडकीपाशी बसू द्या, मळमळतंय. तर वन्सं म्हणतात, मळमळणं आमच्या घराण्यात आहे, तुला कुटनं आलं? आणि सगळे हसले. हे पण. मोठ्यानं हसले.

न्हाय गं, एवढ्यासाठी कोण सूड घेतंय? एवढं तर सगळ्याच सुना गिळतात. मला शिकवा म्हणले होते मी — गाडी चालवायला. भर जेवताना म्हणले. ह्यांनी ताटातनं मान पण वर केली न्हाय. म्हणाले, बायकांनी मागं बसायचं. झालं. विषय संपला. आणि मग थोड्याच दिवसांनी अक्कलकोटाहून फोन आला, शेजारच्यांकडं. अव्वाचं — माझ्या आईचं — काही खरं न्हाय, लेकीचं नाव घेतीया, लगेच निघून या. हे बँकेत गेलेले, स्कूटरवर. गाडी रोज नेली तर झिजते म्हणून गाडी दारात उभी. किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला. मी किल्ली काढली आणि हातात धरून दारात उभी राहिले. गाडी समोर हाय, किल्ली हातात हाय, अक्कलकोट तासाभराच्या वाटेवर — आणि मला ती चालवता येत न्हाय! सासूबाई म्हणाल्या, यष्टीनं एकटी कुटं जातीस, तो येऊ दे. ह्यांना फोन केला तर म्हणाले, संध्याकाळी सगळेच जाऊ. सगळेच! मग ह्यांचं येणं, मग वन्संचं लुगडं बदलणं, मग चहा. आमी पोचलो तवा अव्वा गेलेली — आमच्यातल्या रीतीनं बसवून, भस्म लावून, हार घातलेला. माझ्यासाठी थांबले होते ते फक्त मातीला.

नको, पाणी नको. मी रडत न्हाय. रडायचं ते त्या दिवशी परत येताना रडून झालं — मधी बसून, तोंडात पदर कोंबून, खिडकीवाल्यांची झोपमोड व्हायला नको म्हणून.

तर आता माझं ठरलंय. गाडी आली की पहिली खेप अक्कलकोट. पुढं कुणी न्हाय, पुढच्या सीटवर माझी पर्स. दोन्ही खिडक्यांना भाकरीची पोती. आणि मधी ते. गुडघं हनुवटीला. एकदाच. एकदाच त्यांना कळू दे की मधी काय असतं, बस, माझं भागलं. मी काही दुष्ट बाई न्हाय. त्यांना ठाऊकच नव्हतं गं! चालवणारा माणूस रस्ता बघणार का मागं बघणार? मागं काय चाललंय त्याला काय कळणार? हेच सांगत आले मी स्वतःला, म्हणून तर त्यांच्या ताटात आजवर गरम भाकरी वाढली. न्हायतर— जाऊ दे. बोलाव त्यांना. हां, आताच. एक चक्कर मारून बघू म्हणावं.

आले बघ. बघ, बघ, कुटं निघाले! डोळ्याला धड दिसत न्हाय, पण पाय निघाले उजव्या दाराकडं! अहो, हिकडं मी बसलेय. मागं. मागं बसा. व्हय, मीच चालवणार. रिक्षा नंतर बघू, आधी आत या. तितं न्हाय, खिडकीपाशी न्हाय. सरका. अजून. मधी. का म्हणजे? मी सांगते म्हणून. अंकिता, बघितलंस ना — पाय कुटं ठेवावेत तेच कळंना! ठेवा त्या उंचवट्यावर. अवघड होतंय? होणारच. बेल्ट लावा. अंकिता, हा आरसा जरा खाली ओढू का? क्लासवाला सांगायचा, आधी आरसा, मग किल्ली. हां. आता बरोबर दि—

अंकिता.

ह्या आरशात खिडकीवाले दिसत न्हायत. बघ ना, हितं माझ्या जागी वाकून बघ. दोन्ही खिडक्यांच्या जागा आरशाबाहेर ऱ्हातात आणि मधी बसलेला माणूस सगळा दिसतो. भुवया दिसतात. ओठ हललेला दिसतोय. रस्त्याकडं बघितलं तरी दिसतो, चुकवायचं म्हटलं तरी दिसतो.

अव्वाच्या मातीवरनं येताना, वळसंग ओलांडल्यावर, ह्यांनी हात वर करून आरसा फिरवला होता. मला वाटलं, मागच्या गाडीचा उजेड डोळ्यावर येत असंल.

अहो. खाली नका बघू. वर बघा, आरशात. मी दिसत होते ना तुमाला? तुळजापूरला, गाणगापूरला, सगळीकडं दिसत होते ना? बोलू नका, नकोच बोलू. नुसतं बघा.

अंकिता, उतर तू. नियम असंल तुमचा, असू दे. साहेबाला सांग, म्हातारीनं ऐकलं न्हाय. गाडी हीच घेणार, कागद काढून ठेव. वेळ लागंल आमाला, अक्कलकोटापर्यंत जाऊन येतो. आणि हा आरसा मी फिरवणार न्हाय. उतर म्हणते ना, पोरी. दार लाव. लागलं न्हाय नीट — जोरात लाव.