मळखाऊ रंग

मुलगी : थांबा, थांबा! त्या कपाटाच्या दाराला हात लावू नका. आई, हे काय चाललंय?

आई : आलीस? चपला बाहेरच काढ. फरशी आत्ता पुसलीय. धूळ उडाली की फिल्मखाली खडे दिसतात म्हणे.

मुलगी : कसली फिल्म? अगं, मी तुला न्यायला आलेय. दादाने तुझ्यासाठी खोली तयार केलीय, खिडकीपाशी पलंग लावलाय. बॅगा भरायच्या सोडून तू स्वयंपाकघर काय उपसून बसलीस? आणि या कोण?

फिल्मवाली : मी जुन्या फर्निचरवर रंगीत, चिकटणारी फिल्म लावते, ताई. कपाट तेच, बिजागऱ्या त्याच, तोंडवळा तेवढा नवा. नवी दारं करायची म्हटली की सुतार महिनाभर घरात ठाण मांडून बसतो. मी संध्याकाळी माझ्या घरी.

आई : आणि खिशाला परवडतं. सगळी चौकशी केलीय मी, तू आठ्या घालू नकोस.

मुलगी : आई, दारांवरची ही जुनी फिल्म बाबांनी लावलीय!

आई : ठाऊक आहे. मी इथेच होते.

मुलगी : मी पण होते! मागचा कागद मी धरला होता. बाबा म्हणायचे, "धर... सोड... धर, अगं सोड म्हटलं की सोडायचं!" दिवसभर तेच. आणि हे सिंकखालचं दार बघा. सगळीकडे लाकडाच्या रेघा उभ्या, इथे आडव्या. शेवटचा तुकडा त्यांनी आडवा कापला.

फिल्मवाली : मी मघापासून तेच बघतेय. म्हटलं, फॅशन असेल.

आई : कसली फॅशन! माप तीनदा घेतलं आणि कापताना माझ्याशी भांडत होते. मग म्हणाले, खाली आहे, कोण वाकून बघतंय?

मुलगी : आणि बुडबुडे आले तर तुझ्या शिवणाच्या सुईने फोडले.

आई : माझी चांगली सुई वाकवून ठेवली.

मुलगी : ते आडवं दार दिसलं ना, की मला घरी आल्यासारखं वाटतं.

आई : तुला वर्षातून दोनदा वाटतं, बाई. मला ते रोज पुसावं लागतं.

फिल्मवाली : काकू, मी चहा पिऊन येऊ का कोपऱ्यावरून? तुमचं मायलेकींचं होऊ दे.

आई : कुठे जायचं नाही. चहा मी टाकते. तू काम कर.

मुलगी : निदान वरून तरी लावा. आतली काढू नका.

फिल्मवाली : लावली असती, ताई. पण कडा सुटल्यात, आत तेलाचा चिकटा गेलाय. त्यावर लावली तर पहिल्या वाफेला पापडासारखी उठेल, आणि काकू माझ्या नावाने शंख करतील.

आई : करीनच. लाव तुझा ड्रायर, गरम करून काढ तू.

मुलगी : आई, ऐक ना. कशाला हे सगळं? तू इथे राहणारच नाहीयेस. घर आहे तसं बंद ठेवू. आम्ही येऊ अधूनमधून, उघडून बसू. सगळं जिथल्या तिथे. बाबांचा रेडिओ, हे स्वयंपाकघर...

आई : म्हणजे कपाटाची फिल्म इथे राहणार आणि मी जाणार?

मुलगी : तसं नाही गं...

आई : तसंच म्हणालीस. रेडिओ राहील, डबे राहतील, तुझं आडवं दार राहील. मी तेवढी नको इथे.

मुलगी : गेल्या महिन्यात चक्कर आली तुला! शेजारच्या काकू आल्या म्हणून कळलं. मला रात्र रात्र झोप लागत नाही, माहितीये? फोन दोनदा वाजून तू उचलला नाहीस की मी लगेच शेजारच्या काकूंना लावते.

आई : चक्कर काय पत्ता विचारून येते? तिकडेही येईल.

मुलगी : तिकडे माणसं आहेत.

आई : आहेत, आणि सोन्यासारखी आहेत. सूनबाईला तर नाव ठेवायला जागा नाही. पण तिथे मला पाणी प्यायला पेला कुठे म्हणून विचारावं लागतं. चार दिवस गोड वाटतं गं, पाहुण्यासारखं. इथे दिवे गेले तरी माझा हात बरोबर साखरेच्या डब्यावर पडतो.

फिल्मवाली : काकू... ड्रायर बंद करू का? खाली अजून एक निघतंय.

मुलगी : अजून एक काय?

फिल्मवाली : फिल्मच. जुनी, पातळ. पिवळी आहे. त्यावर निळे मासे.

आई : बघू! सरक. अगं बाई... आहेत की अजून! मला वाटलं, इतक्या वर्षांत गोंदाखाली विरून गेले असतील.

मुलगी : हे कोणी लावलं?

आई : मी.

मुलगी : तू? कधी?

आई : तुझ्या आधी. या घरात नवीनच होते. तुझे बाबा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. भिंती करड्या, दारं करडी, नुसता जीव उबगायचा. बाजारात हे मासे दिसले. स्टुलावर चढून एकटीने लावले, पोळपाटावर कापून. तुझे बाबा आले, दारातूनच म्हणाले, "माफ करा हं, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो," आणि खरंच वळले. मी हसून हसून खाली बसले.

मुलगी : मग काढले का इतके छान मासे?

आई : मी नाही काढले, राणी. तू काढलेस.

मुलगी : मी?

आई : रांगायला लागलीस ना, खालच्या रांगेतले मासे नखांनी सोलायचीस. एक एक. वर माझ्या हातात आणून द्यायचीस, मासा पकडला म्हणून.

फिल्मवाली : हे बघा ना ताई, खाली नुसती भोकंच आहेत. हात साफ होता तुमचा.

आई : पुढे तू चारेक वर्षांची झालीस, तेव्हा हे म्हणाले, मळखाऊ रंग आणू, पोरांच्या घरात टिकेल. हे तपकिरी लाकूड घेऊन आले. मला एक शब्द विचारला नाही.

मुलगी : तुला नव्हतं आवडलं?

आई : कधीच नाही. एक दिवस नाही.

मुलगी : एवढी वर्षं! बोलली का नाहीस?

आई : काय बोलणार? सुट्टीचा सगळा दिवस घातला माणसाने. पाठ धरली, तोंडात सुई, समोर तू कागद धरून. इतका खूश होता की मी म्हटलं, राहू दे. आणि खरं सांगू? ते होते तोवर मी त्यांच्याकडे बघायचे, कपाटाकडे नाही. आता समोर कपाटच आहे.

(मुलगी सुटलेला तपकिरी तुकडा गुंडाळून बाजूला ठेवते.)

मुलगी : कोणता रंग आणलायस?

आई : अबोली. फिकट. सकाळी उन्हात छान दिसेल असं हिने सांगितलं.

फिल्मवाली : आणि मळेल हं लवकर. तेही सांगितलंय, नंतर माझ्यावर यायचं नाही.

आई : मळू दे. पुसणारी मी आहे.

मुलगी : पण आई, तुला बरं नसलं तर? मला भीती वाटते गं.

आई : मलाही वाटते. खोटं का बोलू? पण भीती वाटते म्हणून घर सोडलं, तर मग रोज उठून करायचं काय मी? तुम्ही याल, सांभाळाल. मला अजून सांभाळून घ्यायचं नाहीये. अजून थोडे दिवस मला माझ्या घरात राहायचंय.

फिल्मवाली : ताई, मोकळ्या आहात ना? हे टोक धरा जरा. मी वरून पट्टी फिरवत येते, तुम्ही मागचा कागद हळूहळू सोडा.

मुलगी : मला येतं. आई, तू बस. आणि माझा फोन दे इकडे... खांद्यात धरते. हॅलो, दादा? अरे, आई येत नाहीये. ... नाही, रुसून नाही. ... मी काय समजावू? तिचं म्हणणं पटलंय मला. ... हो, आलीच चक्कर तर काय, ते बोलू आपण. शेजारच्या काकूंशी बोलते, मी पंधरा दिवसांनी येत जाईन, तूही येत जा. ... आत्ता? आत्ता कपाटांना नवी फिल्म लावून घेतेय ती. ... रविवारी ये ना बघायला. ... हो रे, आहे किल्ली तुझ्याकडे, माहितीये. तरी बेल वाजव, दार आई उघडेल.