छतावर अडकलेला विमानवाला

(नागपूर, नंदनवन. १९७९ चा मे महिना, सकाळ. अंगणात भिंतीला बांबूची शिडी टेकवलेली. छतावर अंजनाबाई कुरोड्या घालते आहे. खाली तिचा मुलगा रविंद्र शिडीच्या मध्यावर, मुलगी जयवंता शिडी धरून उभी.)

जयवंता – आता हात बदल अन् पाय वर घे. खाली पाहू नको, दादा.

रविंद्र – मी खाली पाहूनच नाही राहिलो. भिंतीकडं पाहून राहिलो.

जयवंता – मंग डोळे उघडून पाहा ना.

रविंद्र – उघडेच हायेत. थोडे.

जयवंता – काल इथंच अडकला होता, आजही इथंच. ह्या हिशोबानं तू छतावर दिवाळीले पोचशीन. अन् तुझं विमान ऑगस्टमध्ये हाय.

रविंद्र – हळू बोल. माय वर हाय.

जयवंता – माय कुरोड्यात हाय. घरात पोलीस शिरले तरी तिले ऐकू येणार नाही.

अंजनाबाई – कोन हाय वं खाली? कोनासंगं बोलून राहिली?

जयवंता – दादा हाय, माय. सिडी पक्की हाय का ते पाहून राहिला. इंजिनेर होऊन राहिला ना.

अंजनाबाई – पाहू दे, पाहू दे. त्याच्या बापानं बांधली हाय. कधी हालन ते सांगता येत नाही.

रविंद्र – ऐकलं? हालते म्हणते.

जयवंता – मस्करी करते ती. मले एक सांग, तीन वर्षं झाली तू कानपूरले विमानाचं शिकून राहिला. तिथं कोणालेच नाही समजलं?

रविंद्र – काय समजणार? कॉलेज जमिनीवर हाय. प्रयोगशाळाही जमिनीवर. एका बोगद्यात मोठा पंखा असते, त्याच्यापुढं विमानाचं छोटं मॉडेल ठेवतात अन् हवा सोडतात. विमान जागेवर, आपण जागेवर. त्यात मी वर्गात पहिला आलो.

जयवंता – अन् आता?

रविंद्र – आता शेवटच्या वर्षाले खऱ्या विमानात बसवतात. चार जणाचं लहानसं. वर नेतात, अन् आपण आकडे लिहायचे, उंची किती, वेग किती. ते प्रॅक्टिकल नाही केलं तं डिग्री नाही.

जयवंता – मंग सरले सांगून टाक ना, उंचीचं भेव वाटते म्हणून.

रविंद्र – काय सांगू? सर, मले विमान लय आवडते, फक्त ते खाली असलं पाहिजे?

जयवंता – उन्हाळ्यात सारं नागपूर छतावर झोपते अन् तू एकटा खाली, कूलरपाशी. मले वाटे, अभ्यास करते बिचारा.

रविंद्र – वर मच्छर चावतात म्हणून सांगत होतो.

जयवंता – मच्छर तं खालीच जास्त असतात.

रविंद्र – ते कोणीच तपासलं नाही.

जयवंता – अन् तिकडं मिलमध्ये बाबाले देवराव कोणी म्हणतच नाही आता. "जयभीम, विमानवाले" म्हणतात. हे त्यायले समजलं तं?

रविंद्र – म्हणून तं चढून राहिलो.

जयवंता – कुठं चढून राहिला? लटकून राहिला.

अंजनाबाई – जयवंता, चीक सरला वं. चुलीवरचा दुसरा गंज उतरव अन् घेऊन ये लवकर. थंडा झाला तं सोऱ्यातून निघनार नाही.

जयवंता – मले नाही जमत, माय. पायात काटा गेला.

अंजनाबाई – आत्ता तं अंगनात पळून राहिली होती.

जयवंता – आत्ताच गेला. दादा आणते.

रविंद्र – ए, कुठं हाय काटा?

जयवंता – खाली ये, दाखवते. चीक कडीच्या डब्यात भरून देते, डबा कोपरात अडकव. दोन्ही हात मोकळे राहतात.

रविंद्र – जया, मी पडीन.

जयवंता – तू पडला तं चालन. चीक पडला तं माय दोघायले मारन. तीन दिवस गहू भिजवले हायेत तिनं.

अंजनाबाई – कोनी येऊन राहिलं का नाही? सोऱ्या हातात धरून बसली मी.

रविंद्र – आलो, माय.

जयवंता – हं. अडकव कोपरात. आता भिंत पाहू नको, चीक पाहा.

रविंद्र – गरम हाय वं. पोटाले लागून राहिला.

जयवंता – मंग लवकर चढ.

अंजनाबाई – आन इकडं. अन् तू तिथं सिडीवर उभा राहून काय करून राहिला? वर ये. वारं सुटलं, फडकं उडून राहिलं. त्या कोपऱ्यावर बस.

जयवंता – माय, दादा पोचला वर?

अंजनाबाई – पोचला म्हनजे? सिडी छतापावतरच हाय. दुसरीकडं कुठं पोचन तो?

जयवंता – काही नाही, माय. असंच विचारलं.

अंजनाबाई – झालं, ऊठ आता. फडक्यावर वीट ठेवली मी.

रविंद्र – बसतो ना थोडं. हवा चांगली हाय.

अंजनाबाई – उन्हाचे चटके बसून राहिले अन् हवा चांगली? सोड ते फडकं. दोन्ही मुठीत आवळून बसला, कुरोड्या चेंदल्या पाहा साऱ्या. रविंद्र, तोंड काहून पांढरं पडलं गा तुहं?

जयवंता – दादा, टेकऑफ तं झाला. लँडिंगचं काय?

रविंद्र – माय, मले उतरता येत नाही.

अंजनाबाई – चढला तसाच उतर.

रविंद्र – चढतानी डब्याकडं ध्यान होतं. मले उंचीचं भेव वाटते, माय. पहिलेपासून.

अंजनाबाई – एवढ्याशा छताचं?

रविंद्र – पाटावर उभं राहून बल्ब बदलायचा असला तरी पाय कापतात.

अंजनाबाई – अन् आम्ही तुले इमानाचं शिकवून राहिलो.

जयवंता – हत्तीले भेणारा माहूत हाय तो, माय.

अंजनाबाई – तू गप वं. तुह्या पायात काटा हाय.

रविंद्र – ऑगस्टमध्ये खऱ्या विमानात बसावं लागते. नाही बसलो तं डिग्री भेटत नाही. म्हणून सिडीची प्रॅक्टिस करून राहिलो होतो.

अंजनाबाई – नको भेटू दे.

रविंद्र – माय.

अंजनाबाई – नको भेटू दे म्हटलं ना. मोटारीचं शीक, पंपाचं शीक. जमिनीवरच्या मशिनी का कमी हायेत? तुह्या बाबाले समजावनं माह्यावर सोड.

रविंद्र – म्हणूनच तुले सांगितलं नव्हतं.

अंजनाबाई – पन एवढं भेव होतं तं ह्याच्यात गेलाच काहून? लहानपनी इमानाचा आवाज आला का ताटावरून उठून अंगनात पळत होता. मी साऱ्या बायायले सांगत होती, माह्या पोराले इमानाचा लय नाद. तुह्या बाबानं तं तेव्हाच ठरवलं होतं.

रविंद्र – नाद नव्हता, माय. सोनेगावले उतरणारं विमान घरावरून जायचं. मले वाटे, हे आता पडते. घरात राहिलो तं सापडीन, म्हणून बाहेर पळत होतो.

अंजनाबाई – अन् आम्हाले घरातच ठेवून?

रविंद्र – जयाले घेऊन पळत होतो ना.

जयवंता – हे खरं हाय, माय. माझा हात ओढत न्यायचा. मले वाटे, विमान दाखवाले नेते.

अंजनाबाई – अन् मी चुलीपाशी?

रविंद्र – तुले हाका मारायचो. तू म्हणायची, पाहा बेटा, तू पाहा, मी पोळ्या करून राहिली.

अंजनाबाई – बाप्पा. अन् मी हसत होती.

रविंद्र – ते रोज जाये अन् पडत नव्हतं. मले झोप येत नव्हती. एवढं जड, आत माणसं बसलेली, अन् पडत काहून नाही? तेच पाहाचं होतं मले. दुसरं काही नाही.

अंजनाबाई – मंग? समजलं?

रविंद्र – पक्कं समजलं. हवा पंखाच्या वरून कशी जाते, खालून कशी उचलते. तुले कागदावर काढून दाखवतो.

अंजनाबाई – मले नको दाखवू. तुले कागदावर समजलं, मंग तुह्या पायायले काहून नाही समजत?

रविंद्र – पाय अभ्यास करत नाहीत ना, माय.

अंजनाबाई – ते लहान इमान वर जाच्या पहिले कोन पाहते?

रविंद्र – मेकॅनिक पाहतात. मंग पायलट पाहते. मंग मी पाहतो.

अंजनाबाई – तुले सांगतात पाहाले?

रविंद्र – कोणी नाही सांगत. दुसऱ्या पोरायचं विमान जातानी मी खालूनच एकेक नट, एकेक तार पाहत फिरतो. पोरं मले आजीबाई म्हणतात.

अंजनाबाई – अन् सर?

रविंद्र – सर म्हणतात, ह्यानं पाहिलेल्या विमानात मी डोळे मिटून बसीन.

अंजनाबाई – असं म्हनते? शिकलेला मानूस?

रविंद्र – वर्गात म्हणाले, साऱ्यायपुढं.

अंजनाबाई – मंग बरोबरच हाय. ज्याले कशाचंच भेव नाही, त्यानं बनवलेल्या इमानात मी तं पाय ठेवनार नाही. असा मानूस नट लावाचा विसरला तरी शिटी वाजवत घरी जाईन.

रविंद्र – म्हणजे मी जाऊ?

अंजनाबाई – मी जा म्हटलं का? हा सोऱ्या घे अन् दाब. उभा राहून दाब, बसून जोर लागत नाही.

रविंद्र – उभा?

अंजनाबाई – चीक थंडा होऊन राहिला, रविंद्र.

जयवंता – माय, मले दादाचं डोकं दिसून राहिलं इथून. आता खांदेही दिसले.

अंजनाबाई – तिच्याकडं ध्यान नको देऊ. गोल फिरव. चांगलं दाबते गा. मुठी तं बापाच्याच हायेत.

रविंद्र – माय, ते कौलावर जांभळी साडी वाळत घातलेलं घर कोणाचं?

अंजनाबाई – कौसल्याचं नाही का. रोज तं जाते तिच्या घरी.

रविंद्र – वरून कधी पाहिलंच नव्हतं. एवढं जवळ हाय?

अंजनाबाई – सारंच जवळ हाय. पाय कापतात का आता?

रविंद्र – कापून राहिले.

अंजनाबाई – कापू दे. कुरोडी गोल येऊन राहिली. ऑगस्टात कोन्या दिवशी हाय ते तुहं?

रविंद्र – तारीख लागली का कळवतो. अन् खाली आल्याबरोबर तार करीन तुले.

अंजनाबाई – तार नको गा. तारवाला दिसला का साऱ्या बाया रडतच घरात शिरतात. साधं पोस्टकार्ड टाक.

रविंद्र – पोस्टकार्डाले तीन-चार दिवस लागतात. तोपावतर तुले काहीच कळणार नाही.

अंजनाबाई – नको कळू दे. तितके दिवस मी भेईन इथं. तू एकट्यानं काहून भ्यावं?