बरोबर नंबरचा व्हॉल्व्ह

— हळू, हळू बोला! आत आहेत ते, मागच्या खोलीत. बसा ना. नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिथं रेडिओची पाठ वाळत ठेवलीय. इथं बसा. तुम्ही म्हणजे ते जुन्या सुट्या भागांचे दुकानदार ना? आणि हातात पुडी! काळजात धस्सच झालं माझ्या. मिळाला म्हणायचा तो व्हॉल्व्ह शेवटी! मी आपली निर्धास्त — म्हटलं, आजकाल कुठं मिळतायत ते जुन्या रेडिओतले काचेचे दिवे, महिनोन्‌महिने शोधतील. आणि तुम्ही दत्त म्हणून उभे! थांबा, हाक नका मारू त्यांना. आधी माझं ऐका.

तुम्हाला वाटेल, बाई वेडी आहे — नवरा जिवाचं रान करून रेडिओ दुरुस्त करतोय आणि हिला तो वाजायलाच नकोय. अहो, तुम्ही ह्यांना निवृत्त झाल्यावर पाहिलं नाहीत ना! ऑफिस सुटलं आणि साहेब माझ्या स्वयंपाकघरात रुजू झाले. सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मीठ कुठं? साखरेच्या मागं. का? तर साखरेचा डबा बुटका! कांदा असा का चिरतेस, तसा का नाही चिरत, गॅस एवढा मोठा कशाला — डोक्याला नुसता ताप. मग एक दिवस माळ्यावर सासऱ्यांचा रेडिओ सापडला. पाण्याच्या टाकीखाली राहून पार ओलावलेला — लाकडाचे पापुद्रे सुटलेले, स्पीकरचा कागद फुगून त्याला बुरशी, आतल्या तारांवर हिरवं साठलेलं. मी म्हटलं, भंगारात द्या. तर हे त्याला उराशी धरून मागच्या खोलीत गेले ते गेलेच! सुंठीवाचून खोकला गेला. माझे डबे माझ्या जागेवर आले.

काम मात्र मन लावून करतात हं. माझा केस वाळवायचा ड्रायर नेला, सगळं आतून वाळवलं. पापुद्रे सरस लावून बसवले, वर माझी इस्त्री वजन म्हणून ठेवली — मी आठवडाभर चुरगळलेल्या कपड्यांत. सगळं झालं, तो एक व्हॉल्व्ह तेवढा राहिला. आणि तो दोरा, डायलचा काटा फिरवतो तो — तो सुटतो अधूनमधून. आपोआप? आता तुमच्यापासून काय लपवायचं — आपोआप कसला, मीच सोडवते. ते अंघोळीला गेले की. हसू नका! एकट्याला बसवता येत नाही ना तो, मग संध्याकाळी हाक येते, "अगं, जरा बॅटरी धर." मी बॅटरी धरायची आणि हे खोक्यात डोकं घालून बोलत राहतात. काय काय बोलतात म्हणून सांगू — याच रेडिओपायी वडिलांनी कसं बडवलं होतं, नोकरीच्या पहिल्या दिवशी जिन्यात बसून कसे रडले होते. रडले होते, हे! अख्ख्या संसारात मला पत्ता नाही. तोंडाकडे बघून बोलायचं म्हटलं की दातखीळ बसते, पण रेडिओत डोकं घातलं की सुटतात. मी नुसतं हं हं म्हणते. हात दुखून येतो, तरी धरून राहते. आवडतं मला. — बघा, कुठल्या कुठं गेले मी! डब्यांचं सांगत होते. डब्यांसाठीच चाललंय हे सगळं, दुसरं काही नाही.

तर तुम्ही एवढंच सांगायचं, व्हॉल्व्ह काही मिळाला नाही बुवा. या बहिणीसाठी एवढं खोटं बोलाल ना? असं काय बघताय? मान का हलवताय? काय आहे त्या पुडीत — दाखवा बघू. अगं बाई! हा तर चष्मा! ह्यांचा चष्मा! तरीच सकाळपासून माझा लावून फिरतायत, वर म्हणतायत कसे, मला शोभतो की नाही. काल तुमच्याकडे विसरले? पण तुमच्याकडे कशाला — मला तर फिरायला जातो म्हणाले. व्हॉल्व्ह परत करायला? कुठला व्हॉल्व्ह? मिळाला होता? मग चुकीचा असेल. बरोबर नंबरचा? लावून पाहिला? वाजला?

वाजला म्हणे! मी भाजी आणायला गेले असेन तेव्हा, दुसरं काय. आणि मग वाजणारा व्हॉल्व्ह परत का — विचारलंत ना तुम्ही? काय म्हणाले? नीट सांगा. पुन्हा सांगा. "तो बोलायला लागला की ही त्याचंच ऐकत बसेल, माझं कोण ऐकणार?"

असं म्हणाले?

लबाड. एक नंबरचा लबाड माणूस. हसू की रडू तेच कळत नाहीये मला — आले हो, आले! कोणी नाही, पत्ता विचारतायत! — उठा, उठा तुम्ही. चष्मा माझ्याकडे नको, न्या परत, येतील ते उद्या शोधत. मला काही कळलेलं नाही, आपण भेटलेलो नाही. आणि तो व्हॉल्व्ह — कुणी गिऱ्हाईक आलं तर विकून टाका. आजच. निघा आता.