रेफरीनं घात केला

आमचं मूळ गाव दापोलीकडचं, दर्याकाठचं. माझे वालिद बोटीवर खलाशी होते, मी ऐन जवानीत इकडे कतारात दोह्याला आलो तो इथलाच झालो. आता हमद पोर्टवर कंटेनरची सीलं तपासतो. कागदावर तांदूळ लिहिलाय तर आत तांदूळच हाय का, हे बघायचं माझं काम, आणि काय सांगू ताई तुम्हाला, ती सवय घरापर्यंत येते. बायको बोलते, पापलेटचे कल्ले उघडून बघता ते ठीक, पाहुण्यांचे पण उघडता. बोलू दे तिला. फसलो तर मीच फसणार ना?

तर रुबीना, माझी थोरली, अल दुहैलला शाळेत शिकवते. एक दिवस जेवताना बोलली, अब्बा, शाळेतल्या खेळाच्या मास्तरशी मला निकाह करायचाय, एम्रे नाव, तुर्की हाय. माझा घास हातातच राहिला. मुसलमान हाय, कमावता हाय, सगळं खरं, पण आमच्यात स्थळ आलं की आधी चौकशी. गावात माणूस पाठवायचा, मशिदीत विचारायचं, दुकानात विचारायचं, बाप कसा, आजा कसा. आता तुर्कस्तानच्या कुठल्या कोपऱ्यातल्या गावात मी कुणाला पाठवू?

एम्रेच्या बापाची इथेच दोह्यात, मदिनत खलीफात बेकरी हाय. गेलो तिथे. भिंतीवर बघतो तर फुटबॉल टीमचा जुना फोटो. मला फुटबॉलमधलं काय कळत नाय, आम्ही क्रिकेटवाले, पण बापानं चहा दिला नि त्याच्या तोडक्या अरबीत क्लबची कथाच लावली. त्यांच्या गावात दोन मोहल्ले, दोन टीमा, एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मग शहाण्या माणसांनी बसवून एक क्लब केला, एकानं हिरवा रंग दिला, दुसऱ्यानं काळा. एकदा अशी मॅच आली की जिंकले तर थेट मोठ्या लीगमध्ये. एम्रेचा आजा गोलकीपर. आणि रेफरीनं घात केला, नसलेला गोल दिला. तेव्हापासून क्लब खाली खाली चाललाय, आता तर पार तळात. मी मनात बोललो, हरलेल्या सगळ्यांचाच रेफरी चोर असतो. ज्याचा बाप असा, त्याचा लेक कसा?

पोर्टवर आम्ही कागद एकीकडे बघतो, माल एकीकडे. तसंच केलं. एम्रेला एकट्याला घरी बोलावलं नि सरळ विचारलं, ती मॅच कशी हरलात? पोरानं मान खाली घातली. बोलला, अंकल, बॉल हळू आला होता, आजोबांच्या पायांतून गेला.

पकडला! मी बोललो, मग बाप खोटा की तू? रुबीना आतनं दारात येऊन उभी राहिली, तोंड पांढरं पडलेलं. एम्रे बोलला, एकटे बाबा नाय अंकल, सगळं गाव तसंच सांगतं. आजोबा मैदानाबाहेर चहा विकतात, अजून विकतात. दर मॅचला माणसं तिथे चहा पितात नि त्यांच्यासमोर रेफरीला शिव्या देतात. त्या बॉलचं नाव कुणी काढत नाय. मी विचारलं, मग मला का सांगितलंस? बोलला, तुम्ही मुलगी देणार, तुम्हाला खोटं कसं सांगू?

खरं सांगतो ताई, डोळ्यांत पाणी आलं. रुबीनाला बोललो, खलास, ठरलं, तारीख काढा.

निकाहाला गावाहून एम्रेचा म्हातारा आजा आला, वाकलेला, पण पंजे अजून केवढे. जेवताना त्यानं एम्रेच्या तोंडून मला विचारलं, आमच्या क्लबचं काही ऐकलंय का? एम्रे माझ्याकडे बघायला लागला. मी, ज्यानं जन्मात एक सील डोळे मिटून सोडलं नाय, तो मी बोललो, ऐकलंय तर, रेफरीनं घात केला.

म्हातारा हसला नि माझा हात धरून काहीतरी बोलला. एम्रेनं सांगितलं, ते म्हणतात, आता तुम्ही आमच्या गावचे झालात.

म्हणजे गाव त्याच्यासाठी खोटं बोलतं, हे त्याला ठाऊक होतं की काय? मला अजून शंका हाय. जाऊ दे. पोरगी सुखात हाय, अल्ला तिला तसंच ठेवो. आणि तो क्लब परवा पण हरला. मी फोनवर बघितलं, रेफरी मला काय बरोबर वाटला नाय.